परभणीकरांनो, एकदा जो गार्जरीला भेटाच

परभणी स्टेशनवरून गाडी धरून पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्यांनी डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी वाचायलाच पाहिजे. १८६०-६१ मध्ये ती साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं छापून आली.

पिप हा अनाथ पोरगा. बहिणीचा नवरा जो गार्जरी हा लोहार, तोच त्याचा खरा आधार. पुढं कुणा अज्ञात माणसाच्या पैशावर पिप लंडनला जाऊन साहेब होतो अन् त्याला जोची लाज वाटायला लागते. जो भेटायला येतो तो प्रसंग सावकाश वाचा. बिचारा अवघडलेला, हॅट कुठं ठेवावी ते कळेना, ती सारखी खाली पडते. आणि ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याला ‘सर’ म्हणतो! जिंतूर-सेलूकडचे कितीतरी बाप लेकाच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या कडेला असेच बसत असतील.

पैसा कुणाचा, ते सांगत नाही, मजा जाईल. पण पिप कर्जात बुडून आजारी पडतो तेव्हा धावून येतो जोच. सेवा करतो, कर्ज फेडतो आणि न सांगता निघून जातो.

गोष्ट पिपच सांगतो, स्वतःला पाठीशी न घालता, म्हणून त्याचा राग टिकत नाही. मधली काही प्रकरणं रेंगाळतात. तिथं पुस्तक मिटू नका.