कोबी ब्रायंटच्या शेवटच्या कराराने लेकर्स बुडाले का?

२५ नोव्हेंबर २०१३ रोजी लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाने कोबी ब्रायंटचा करार दोन वर्षांनी वाढवला. रक्कम होती ४ कोटी ८५ लाख डॉलर. कोबी तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि एप्रिलमध्ये टाचेमागचा स्नायुबंध फाटल्यापासून एकही सामना खेळला नव्हता. त्या हंगामात लेकर्सनी ८२ पैकी २७ सामने जिंकले, पुढच्या दोन हंगामांत २१ आणि १७. वय झालेल्या ताऱ्याला मोठा पगार दिला की संघ बुडतो, या समजासाठी तेव्हापासून हेच उदाहरण दिले जाते. नियम नीट पाहिले तर चित्र बरेच वेगळे दिसते.

गैरसमज १ : मालक गडगंज आहेत, एकाला जास्त दिले म्हणून काय बिघडते?

वस्तुस्थिती : अडचण मालकाच्या खिशाची नसते, ‘सॅलरी कॅप’ची असते. संघाच्या एकूण पगाराची ही मर्यादा एनबीए ही बास्केटबॉल लीग दर हंगामासाठी ठरवते. २०१४-१५ मध्ये ती सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर होती आणि कोबीचा पगार होता २ कोटी ३५ लाख. म्हणजे ३७ टक्के जागा एकट्याची. खांद्याच्या दुखापतीमुळे त्या हंगामात तो ३५ सामनेच खेळू शकला, पण हिशेबातला आकडा एका डॉलरनेही कमी झाला नाही.

गैरसमज २ : कॅप म्हणजे आयपीएलच्या लिलावातली पर्स, संपली की खरेदी बंद.

वस्तुस्थिती : एनबीएची कॅप लवचीक आहे. ती ओलांडूनही संघाला स्वतःचे जुने खेळाडू राखता येतात. लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी सवलत त्यासाठीच आहे. किमान पगारावर खेळाडू घेता येतात, पगारांचा मेळ बसवून अदलाबदलही करता येते. मात्र कॅपच्या वर असलेल्या संघाला बाहेरचा मोठा खेळाडू थेट करारबद्ध करता येत नाही. त्यामुळे ताऱ्याने पगार कमी करूनही संघ कॅपच्या वरच राहणार असेल, तर पैसे वाचतात ते मालकाचे. नवा तारा काही मिळत नाही.

गैरसमज ३ : ताऱ्याने पगार सोडला की संघ उभा राहतोच.

वस्तुस्थिती : सॅन अँटोनियो स्पर्सच्या टिम डंकनने २०१२ मध्ये २ कोटी १२ लाखांवरून एक कोटीच्याही खाली पगार घेतला आणि २०१४ मध्ये स्पर्स विजेते झाले. त्याच उन्हाळ्यात डॅलसच्या डर्क नोवित्स्कीने २ कोटी २७ लाखांवरून सुमारे ८० लाखांवर येणे मान्य केले. त्या जागेत डॅलसने चँडलर पार्सन्सला तीन वर्षांसाठी ४ कोटी ६० लाख दिले. पार्सन्सला गुडघ्याने साथ दिली नाही, दोन वर्षांत तो गेला आणि २०१७-१८ मध्ये डॅलसच्या पदरी २४ विजय पडले. त्याग दोघांचाही मोठाच होता. फरक इतकाच, की डंकनजवळ पार्कर, जिनोबिली आणि स्वस्त करारावरचा तरुण क्वाय लेनर्ड आधीपासून होते.

गैरसमज ४ : खेळाडूला मोकळे केले की ओझे उतरते.

वस्तुस्थिती : हमी दिलेला पगार सहजासहजी पुसला जात नाही. लेकर्सनी २०१६ मध्ये ३१ वर्षांच्या लुओल डेंगशी चार वर्षांचा, ७ कोटी २० लाखांचा करार केला. २०१७-१८ मध्ये तो एकच सामना खेळला. पुढे त्याला मोकळे करताना उरलेली रक्कम जास्त वर्षांत विभागली गेली आणि वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर २०२१-२२ पर्यंत कॅपवर राहिले. २०२० मध्ये लेकर्स विजेते झाले तेव्हाही डेंगचा आकडा वहीत होता. कोबीचा करार मात्र २०१६ मध्ये त्याच्या निवृत्तीबरोबरच संपला. मागे काही उरले नाही.

गैरसमज ५ : लेकर्सची घसरण कोबीमुळेच झाली.

वस्तुस्थिती : २०१२ मध्ये ३८ वर्षांच्या स्टीव्ह नॅशसाठी लेकर्सनी ड्राफ्टमधले, म्हणजे नवे तरुण खेळाडू निवडण्याचे, काही हक्क देऊन टाकले. तीन हंगामांच्या करारात नॅश ६५ सामने खेळला. ड्वाइट हॉवर्ड २०१३ मध्ये सोडून गेला. २०१४ मध्ये कार्मेलो अँथनीने आणि २०१५ मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजने लेकर्सऐवजी दुसरा संघ निवडला. संघ सावरला त्यात ड्राफ्टचा मोठा वाटा होता. २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे दुसरी निवड लेकर्सच्या वाट्याला आली. त्यातून आलेले ब्रँडन इन्ग्रम आणि लोन्झो बॉल २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसच्या बदल्यात गेले आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद आले.

कोबीचा करार महाग होता, यात वाद नाही. त्याने दोन वर्षे लेकर्सचे हात बांधले. पण त्याहून जास्त नुकसान केले ते देऊन टाकलेल्या ड्राफ्ट हक्कांनी आणि इतरांना दिलेल्या लांबलचक करारांनी. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या ज्येष्ठ ताऱ्याच्या कराराची बातमी आली, तर नुसत्या रकमेवर बोट ठेवू नका. ती कॅपच्या किती टक्के आहे, करार कोणत्या वर्षी संपतो आणि संघाच्या हातात ड्राफ्टचे किती हक्क उरले आहेत, एवढे पाहा. वीस हंगाम आणि पाच विजेतेपदे देणाऱ्या खेळाडूवर खापर फोडण्याआधी एवढा हिशेब मांडायलाच हवा.