ऑपॉसमला उपयोगाची अट कशाला?

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या परसातही रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी हा प्राणी दिसतो. मांजराएवढं अंग, पांढुरका निमुळता चेहरा आणि बिनकेसांची शेपटी. घूस समजून लोक दचकतात, पण व्हर्जिनिया ऑपॉसम जवळचा आहे तो कांगारूला. अमेरिका आणि कॅनडात निसर्गतः आढळणारा हा एकमेव शिशुधानी प्राणी. गर्भकाळ जेमतेम १२-१३ दिवसांचा. मधमाशीएवढी पिल्लं जन्मताच आईच्या केसांना धरून सरपटत पिशवीत शिरतात. आत बहुधा १३च स्तनाग्रं असतात. ज्यांना ती मिळत नाहीत, ती पिल्लं जगत नाहीत.

या प्राण्याला अलीकडे लोकप्रियता मिळाली ती एका आकड्यामुळे. २००९च्या एका अभ्यासात पिंजऱ्यातल्या ऑपॉसमांच्या अंगावर गोचिडांच्या अळ्या सोडल्या गेल्या. गळून पडलेल्या अळ्या मोजल्या आणि उरलेल्या अळ्या ऑपॉसमांनी खाल्ल्या असं धरलं. त्यावरून एक ऑपॉसम आठवड्याला सुमारे ५,५०० गोचीड मारतो, असा अंदाज निघाला. लाइम रोग गोचिडांमुळेच पसरतो, त्यामुळे ऑपॉसम सगळ्यांचा लाडका झाला. पुढे २०२१मध्ये इलिनॉयमधल्या ३२ ऑपॉसमांच्या जठरातलं अन्न सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. त्यात एकही गोचीड सापडला नाही.

म्हणून त्याला हाकलायचं का? मुळीच नाही. किडे, गोगलगायी, पडलेली फळं, मेलेले प्राणी, जे मिळेल ते तो खातो. रेबीज त्याच्यात क्वचितच आढळतो. डिवचलं तर ५० दात दाखवतो, पण शक्यतो लढाई टाळतो. फारच घाबरला, तर निपचित पडतो. हे सोंग नव्हे, त्याच्या शरीराची ती आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. अशा वेळी कुत्र्याला घरात घ्यावं आणि ऑपॉसमला एकटं सोडावं. काही वेळाने तो उठून जातो.

बाकी काळजी साधीच आहे. कचऱ्याचा डबा घट्ट बंद ठेवा, मांजराचं खाणं रात्री बाहेर ठेवू नका, आत पिल्लं नाहीत याची खात्री करूनच डेकखालची फट बुजवा. त्याच्या विष्ठेतल्या एका परजीवीमुळे घोड्यांना मज्जासंस्थेचा आजार होतो, म्हणून तबेल्यातला चारा झाकलेला असावा.

आपल्या फायद्याच्या हिशेबावर टिकलेली माया तो हिशेब चुकला की आटते. ऑपॉसम आपली चाकरी करत नाही, आणि त्याने ती करावीच असंही नाही. तो त्या भूमीचा जुना रहिवासी आहे, परसात त्याला जागा द्यायला एवढं कारण पुरेसं आहे.