बेडकाच्या पायाला कंगव्याचे दात: इंटरलेस्ड व्हिडिओ संगणकावर नीट कसा बघायचा

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाईडनी मला एक हार्ड डिस्क दिली. लॅबमधल्या एका सीनियर ताईने २०१२ मध्ये कर्नाटकातल्या सह्याद्रीत, ओढ्याकाठी तासन् तास बसून घेतलेले नाचऱ्या बेडकांचे व्हिडिओ तिच्यात होते. मायक्रिक्सॅलस प्रजातीचे हे बेडूक फक्त पश्चिम घाटात सापडतात. ओढ्याच्या खळखळाटात नुसत्या आवाजावर भागत नाही, म्हणून नर मागचा पाय लांब ताणतो, बोटांमधला पडदा फाकवतो आणि समोरच्या नराला दाखवतो. झेंडाच जणू! मला मोजायचं होतं ते एवढंच, की पाय उचलल्यापासून खाली टेकेपर्यंत किती वेळ जातो.

पहिली फाइल उघडली. दगड छान, शेवाळ छान, बेडूकही छान. त्याने पाय हलवला आणि पायाच्या कडेला कंगव्यासारखे दात फुटले! शिवाय चित्र अडखळत होतं आणि लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागला होता. मी ताईला फोन लावला.

"ताई, फाइल्स करप्ट झाल्यात बहुतेक."

"करप्ट वगैरे काही नाही गं. इंटरलेस्ड आहेत त्या. आणि हे बघ, आधीच कन्व्हर्ट करत बसू नकोस."

तोवर मी नऊ फाइल्स कन्व्हर्ट करून बसले होते. त्याकडे येतेच.

इंटरलेसिंग ही टीव्हीच्या जुन्या काळातली, १९३० च्या दशकातली युक्ती. पिक्चर ट्यूबवर चित्र लुकलुकू नये म्हणून ते सेकंदाला ५० वेळा ताजं करायला हवं, पण ५० पूर्ण चित्रं पाठवायची तर सिग्नलला जागा दुप्पट लागते. मग तोड अशी काढली की एकदा फक्त विषम ओळी पाठवायच्या (पहिली, तिसरी, पाचवी...) आणि पुढच्या वेळी फक्त सम. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. ट्यूबची चकाकी आणि आपल्या डोळ्यांचा आळस मिळून बाकीचं जुळवून घेत. हाय डेफिनिशन आलं तरी ही पद्धत गेली नाही. २००६ मध्ये आलेला एव्हीसीएचडी हा कॅमकॉर्डरचा प्रकार घ्या. त्यातल्या बऱ्याच फाइल्स, म्हणजे त्या 'एमटीएस' शेपटीवाल्या, १०८०-आय असतात. तो 'आय' इंटरलेस्डचा. आपल्याकडच्या कॅमेऱ्यांत सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात ५४० ओळी. दोन फील्ड एकमेकांत गुंफून एक फ्रेम बनते, म्हणून फाइल स्वतःची ओळख "२५ फ्रेम" अशी करून देते.

आता गंमत अशी, की या दोन फील्ड एकाच क्षणाच्या नाहीत. त्यांच्यात २० मिलिसेकंदांचं अंतर आहे. एकाच जागेवरून लागोपाठ दोन फोटो काढा, दोन्हीच्या आडव्या पट्ट्या कापा आणि एकाआड एक चिकटवा. दगड जागचा हलला नाही, त्यामुळे त्याच्या पट्ट्या बरोबर जुळतील. पाय हलला, त्याच्या जुळणार नाहीत. दात दिसतात ते हेच. फाइलमध्ये बिघाड नाही, उलट तुम्हाला दिसतंय त्यापेक्षा जास्त माहिती तिच्यात आहे. फक्त आजचा एलसीडी पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, त्यामुळे दोन क्षण एकमेकांवर बसतात.

ते क्षण सुटे करायचं काम म्हणजे डीइंटरलेसिंग. बहुतेक प्लेअर ते करतात, पण सांगावं लागतं. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ मेनूत 'डीइंटरलेस' आहे. ते चालू करा आणि खालच्या मोडच्या यादीतून 'यादिफ २एक्स' निवडा. यादी लांब आहे, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या कामाच्या नाहीत. 'डिस्कार्ड' एक फील्ड सरळ टाकून देतो. 'ब्लेंड' दोन्ही फील्ड कालवतो. दात जातात खरे, पण बेडकाला दोन धूसर पाय येतात. डोळ्यांना ते मऊ वाटतं, म्हणून लोकांना आवडतं. मला अजिबात आवडत नाही. 'बॉब' दर फील्डपासून एक पूर्ण चित्र करतो, मधल्या ओळी शेजारच्या ओळींवरून भरतो, त्यामुळे बारीक आडव्या कडा थरथरतात. यादिफ आजूबाजूच्या ओळींबरोबर आधीच्या-नंतरच्या फील्डही बघतो आणि मग रिकाम्या ओळी भरतो. त्यातला २एक्स महत्त्वाचा. तो सेकंदाला ५० चित्रं देतो. साधा यादिफ २५ च देतो, म्हणजे अर्धे क्षण गेले.

यादिफ निवडूनही काहीच बदललं नाही, तर सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून बघा. कधीकधी ग्राफिक्स चिप परस्पर आपलंच डीइंटरलेसिंग करते आणि तुमची निवड बाजूला राहते. याची दुसरी बाजूही आहे. पंखा बोंबलतोय आणि चित्र तुटतंय, तर तेच हार्डवेअर डिकोडिंग चालू करायला हवं, कारण जुन्या प्रोसेसरला एच.२६४ चा उलगडा आणि यादिफ २एक्स दोन्ही एकदम झेपत नाहीत. तुमच्या मशीनवर दोन्ही करून बघण्याला पर्याय नाही. हार्ड डिस्कला मात्र उगाच दोष देऊ नका. मूळ एव्हीसीएचडीचा कमाल वेग सेकंदाला २४ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाइट. एवढं तर जुनी यूएसबी डिस्कही देते.

दात गेले, तरी हालचाल विचित्र दिसते का? पाय किंचित मागे जातो, मग टुणकन पुढे, परत मागे? मग फील्डचा क्रम उलटा लागलाय. हाय डेफिनिशनमध्ये साधारणपणे वरची फील्ड आधी असते, जुन्या डीव्ही टेपवरच्या व्हिडिओत खालची आधी. एखाद्या मधल्या सॉफ्टवेअरने ही नोंद चुकवली, की क्षण २, १, ४, ३ असे उलगडतात. मीडियाइन्फो हा छोटा फुकट प्रोग्राम 'स्कॅन टाइप' आणि 'स्कॅन ऑर्डर' या दोन ओळींत फाइलवर काय नोंदलंय ते सांगतो.

आणि सगळं बरोबर असूनही कॅमेरा आडवा फिरताना बारीक हिसके बसत असतील, तर पडदा बघा. लॅपटॉपचा पडदा बहुधा ६० हर्ट्झचा असतो. ५० चित्रं ६० खणांत बसवायची म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ मिळत असेल तर घ्या. नसेल तर तो हिसका फक्त पडद्यावर आहे, फाइलमध्ये नाही, असं म्हणून पुढे चला.

आता त्या नऊ फाइल्स. डिस्क भरत आली होती आणि १९२० बाय १०८० एवढं चित्र मला कशाला हवं, असा विचार करून मी ते १२८० बाय ७२० केलं. डीइंटरलेस न करता. चित्राची उंची कमी करताना सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या ओळींची सरासरी काढतं. पण इथे शेजारची ओळ दुसऱ्या क्षणाची! म्हणजे मी १०८० पट्ट्या ७२० मध्ये कालवल्या, आणि कालवलेल्या पट्ट्या कुठलाही फिल्टर परत सुट्या करू शकत नाही. त्यानंतर मी मूळ फाइल्स उडवल्या. जागा हवी होती ना!

म्हणून क्रम असा: नुसतं बघायचं असेल तर फाइलला हातच लावू नका, प्लेअर बदला. कन्व्हर्ट करावंच लागलं, तर आधी डीइंटरलेस, मग आकार, कापाकापी, रंग, जे काय असेल ते. मी एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर वापरते. तो यादिफचाच सुधारलेला भाऊ आहे आणि मुळातच दर फील्डला एक चित्र देतो. दर्जासाठी सीआरएफ १६ ठेवते. फाइल मूळच्यापेक्षा मोठी होते, होऊ दे. फ्रेम मोजायच्या त्या या नव्या फाइलवर, व्हीएलसीत थांबत थांबत नाही.

एक अपवाद आहे आणि तो मला दोन दिवस छळून गेला. काही कॅमेरे २५ पूर्ण चित्रं टिपतात, पण साठवताना ती इंटरलेस्ड पाकिटात घालतात. मीडियाइन्फो पाकीट वाचतो, म्हणून "इंटरलेस्ड" म्हणतो. आतल्या दोन्ही फील्ड मात्र एकाच क्षणाच्या असतात. तिथे डीइंटरलेस करणं म्हणजे धडधाकट माणसाला प्लास्टर घालणं. हे ओळखायला एफएफएमपेगमध्ये 'आयडेट' फिल्टर आहे. तो नोंद न वाचता प्रत्यक्ष चित्र तपासतो आणि किती फ्रेम खरोखर इंटरलेस्ड आहेत ते मोजून देतो. फक्त त्याला हालचाल असलेला तुकडा द्या. बेडूक ध्यान लावून बसलेल्या तुकड्यावर त्याला काय कळणार? ताईच्या डिस्कवर अशा चार फाइल्स निघाल्या, तिने एक दिवस कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं होतं त्या दिवशीच्या.

त्या चार सोडून बाकी सगळीकडे माझी मोजपट्टी ४० मिलिसेकंदांवरून २० वर आली. एका क्लिपमध्ये आधी मला पाय ताणायला ८ फ्रेम लागताना दिसल्या होत्या, म्हणजे ३२० मिलिसेकंद. सुट्या केलेल्या फील्डवर तोच पाय १४ चित्रांत ताणून झाला, म्हणजे २८०. सुरुवातीच्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये एका फील्डला पाय स्थिर होता, दुसरीला हललेला. मी अख्खी फ्रेम धरत होते.

ताईच्या घरी जुन्या डिस्कवर आणखी एक प्रत निघाली. नऊपैकी सात फाइल्स मिळाल्या. राहिलेल्या दोन माझ्याकडे ७२० मध्ये कालवलेल्या तेवढ्या आहेत आणि मोजणीच्या तक्त्यातून त्या मी काढून टाकल्या. त्यातल्या एकीत एकाच दगडावर दोन नर समोरासमोर बसून आळीपाळीने पाय दाखवतात. तसं दृश्य बाकीच्या कुठल्याच फाइलमध्ये नाही.