मानेवरच्या दोन रांगा

मान थोडी खाली घाला आणि मागून बोट फिरवा. मान संपून पाठ सुरू होते तिथे एक हाड ठळकपणे हाताला लागतं. ते मानेच्या सातव्या मणक्याचं मागचं टोक. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवताना पहिल्या वर्षाच्या मुलांना मी मणके मोजायला इथूनच सुरुवात करायला लावत असे. अमार्गासॉरस या शाकाहारी डायनासोरच्या मानेत हेच टोक दुभंगून त्याचे दोन काटे झाले होते, आणि आठव्या मणक्यावर त्यांची उंची ६० सेंटिमीटरपर्यंत गेली होती. मानेवर काट्यांच्या अशा दोन समांतर रांगा, मागे झुकलेल्या.

हा प्राणी अर्जेंटिनाचा. पातागोनियातल्या नेउकेन प्रांतात ला अमार्गा नावाचा खडकांचा थर आहे. तिथे जीवाश्म मिळतील, हे लुईस काझाऊ या तेल कंपनीतल्या भूशास्त्रज्ञाने होसे बोनापार्ते यांना सुचवलं. बोनापार्ते यांच्या १९८४च्या मोहिमेत गिलेर्मो रूजिए यांना हा सांगाडा सापडला. १९९१मध्ये त्याचं नामकरण झालं ते काझाऊंची आठवण ठेवून: अमार्गासॉरस काझाऊई. कवटीचा मागचा भाग आणि त्यापुढे मानेचे व पाठीचे २२ मणके, एकमेकांना जोडलेले, जागच्या जागी! विखुरलेल्या मणक्यांचा क्रम लावताना किती घोळ होतो ते ज्याने हाडं हाताळली आहेत त्याला विचारा. इथे तो प्रश्नच उरला नाही.

काळ साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. लांबी नऊ ते दहा मीटर, वजन अडीच टनांच्या आसपास. लांब मानेच्या चतुष्पाद डायनासोरांमध्ये हा ठेंगणाच. मान जेमतेम अडीच मीटरची, मणके तेरा. त्याच्या कुळाचे सर्वांत जुने अवशेष आपल्याकडे, जैसलमेरजवळ मिळाले आहेत. २०२३मध्ये थारोसॉरस या नावाने त्यांचं वर्णन झालं. ते सुमारे १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे आहेत.

मुलीकडे मेलबर्नला गेले होते तेव्हा तिथल्या संग्रहालयात अमार्गासॉरसच्या सांगाड्याची प्रतिकृती पाहिली. इतरांचं लक्ष काट्यांकडे होतं. मी पाहत होते ती त्यांच्यामधली मोकळी जागा. जिवंतपणी तिथे काय होतं? सांगाड्यात मांस, कातडी, स्नायुबंध नसतात. पण त्यांनी हाडावर आणि हाडात सोडलेल्या खुणा असतात, आणि त्या वाचता येतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

या जागेवरून संशोधकांत बरीच वर्षं दोन मतं होती. एक मत असं की, बैलाच्या शिंगात आत हाड आणि वर नखासारख्या केरॅटिनचं आवरण असतं, तसंच प्रत्येक काट्यावर असावं. म्हणजे ते सुटे, टोकदार भालेच. दुसरं मत असं की, काट्यांच्या आधाराने कातडीचा पडदा ताणलेला होता. २०२२मध्ये इग्नासियो सेर्दा आणि सहकाऱ्यांनी काट्यांचे अतिशय पातळ छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हाडात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं होतं, आणि शार्पी तंतूंच्या खुणाही भरपूर होत्या. स्नायुबंध हाडाला नुसता चिकटत नाही, त्याचे धागे हाडात शिरून रुततात; तेच हे तंतू. एका रांगेतले पुढचे-मागचे काटे बंधांनी जोडलेले होते, असं त्यावरून दिसतं. एकमेकांना बांधलेले काटे भाले म्हणून काय कामाचे? संशोधकांनी पडद्याच्या बाजूने कौल दिला, आणि मला तो पटतो.

अशी मान मागे फारशी वाकणार नाही. आपण वर बघतो तेव्हा मणक्यांची मागची टोकं जवळ येतात. इथे तर ती हातभर उंच. खाणं अर्थातच खालचं. कवटीच्या स्कॅनमधून अंतःकर्णाची ठेवण पाहिली तेव्हा मुस्कट जमिनीच्या दिशेने झुकलेलं असावं, असं दिसलं. तोंड फार तर पावणेतीन मीटरपर्यंत पोचत असे. नेचे, छोटी सूचिपर्णी झाडं, असा चारा.

मग पडदा कशासाठी? जोडीदाराला दिसावा, प्रतिस्पर्ध्याने दबून राहावं, आपल्या जातीचा कोण ते लांबून ओळखू यावं, यांपैकी काहीतरी, असा माझा कल आहे. पण त्याच नेउकेन प्रांतात, सुमारे दीड कोटी वर्षं आधी, याचा एक भाऊबंद होऊन गेला: बाहादासॉरस. २०१९मध्ये त्याचं वर्णन झालं. त्याच्या मानेच्या पाचव्या मणक्याचा काटा ५८ सेंटिमीटरचा, आणि तो पुढे, डोक्याच्या दिशेने वळलेला आहे. त्याच्या संशोधकांना तो शिंगासारखं आवरण असलेला, बचावाचा काटा वाटतो. या काट्याचाही पातळ छेद घेऊन त्यात शार्पी तंतू शोधायला हवेत.