गारेची कातडी सोलणारा

कृपण मनुष्याला उद्देशून इंग्रजीत जे अनेक शब्द आहेत, त्यांत ‘स्किनफ्लिंट’ हा आज क्वचितच कानी पडणारा, परंतु अर्थाने फार नेमका असा शब्द आहे. ‘फ्लिंट’ म्हणजे चकमकीची गार आणि ‘स्किन’ म्हणजे कातडी सोलणे. जिला मुळी कातडीच नाही त्या गारेचीही साल काढून दोन पैसे सुटतात का हे पाहणारा, तो स्किनफ्लिंट. १७००च्या सुमारास लंडनमध्ये चोर-भामट्यांच्या बोलीचा जो कोश निघाला, त्यात या शब्दाला केवळ चिक्कूपणाचाच नव्हे, तर ओरबाडण्याचा आणि फसवण्याचाही अर्थ दिलेला आहे. आपल्याकडे ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असे म्हणताना कृपणाची स्वतःचीच चमडी पणाला लागते. इंग्रजी शब्दात सोलला जातो तो समोरचा.

म्हणूनच जॉन एल्विस या विख्यात इंग्रज कंजुषाला हे नाव सरसकट लावणे मला अन्यायाचे वाटते. १७१४ साली जन्मलेल्या या गृहस्थाला वडिलांकडून व पुढे मामाकडून अफाट मिळकत वारसाहक्काने मिळाली. १७७२ ते १७८४ अशी बारा वर्षे तो बर्कशायरचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसला, आणि निवडणुकीपायी त्याचे अवघे अठरा पेन्स खर्ची पडले असे सांगतात. खाणावळीचे बिल नको म्हणून उकडलेली अंडी खिशात घालून तो प्रवासास निघे, आणि नालांची झीज होऊ नये म्हणून घोडा रस्त्याकडेच्या गवतावरून चालवी. लंडनच्या मेरिलबोन भागात त्याची कित्येक घरे असूनही त्यांतले जे रिकामे असेल त्यात तो मुक्काम करी, आणि भाडेकरू आला की आपले किडुकमिडुक उचलून दुसरीकडे जाई.

परंतु याच एल्विसने लॉर्ड ॲबिंग्डन यांना न्यूमार्केटच्या शर्यतीतील पैजेसाठी, त्यांनी न मागता, ७,००० पौंड दिले. आणि ती शर्यत पाहावयास गेला असता दिवसभर उपाशी असलेल्या सोबत्यापुढे, दोन महिन्यांपूर्वी घरून निघताना खिशात टाकलेला पॅनकेकचा चुरगळलेला तुकडा काढून धरला, व तो अगदी ताजा असल्याची ग्वाही दिली! मित्रांना दिलेल्या कर्जाचा तगादा लावणे त्याला अशिष्टपणाचे वाटे, त्यामुळे अशा कितीतरी रकमा बुडाल्या. त्याने पिळले ते स्वतःलाच. अशा माणसाला ‘मायझर’ हा दुसरा शब्दच शोभतो, कारण त्याचे लॅटिन मूळ दीन, दुःखी असे आहे, आणि त्यात तिरस्कारापेक्षा करुणेला अधिक जागा आहे.

१७८९ साली तो वारला तेव्हा मागे सुमारे पाच लक्ष पौंडांची इस्टेट राहिली. पुढच्याच वर्षी एडवर्ड टॉपहॅम यांनी लिहिलेले त्याचे चरित्र निघाले व त्याच्या आवृत्तींमागून आवृत्ती खपल्या. डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीतील बॉफिन कंजुषांची चरित्रे हौसेने विकत घेतो, त्यांतही या एल्विसचे नाव आहे.