धूर कोणत्या रंगाचा, आणि कधी?

रस्त्यात एखादी गाडी धूर सोडत चालली असली की आपण चटकन म्हणतो, ‘इंजिन गेलेले दिसते.’ पण धूर हे लक्षण आहे, रोग नव्हे. अंगात ताप भरला म्हणून डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करत नाहीत. ताप केव्हा चढतो, थंडी वाजते का, हे आधी विचारतात. धुराबाबतही तसेच प्रश्न विचारावे लागतात. ते विचारले नाहीत तर धडधाकट इंजिन विनाकारण खोलले जाते, किंवा खरोखर बिघडलेले इंजिन तसेच चालवून पुरते निकामी होते.

उदाहरणासाठी आपण एक प्रसिद्ध स्पोर्ट्‌स कार घेऊ. जर्मनीतील पोर्शे कंपनीने ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दाखवली. तिचे इंजिन गाडीच्या मागच्या टोकाला असते. १९९८ पर्यंत ते पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या हवेने आणि ऑइलने थंड ठेवले जाई. समजा, अशा एका जुन्या ९११ च्या मालकाने सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइलची पट्टी काढून पाहिली. पट्टीच्या टोकाला ऑइल जेमतेम लागलेले. म्हणून त्याने लिटर-दीड लिटर ऑइल ओतले आणि तो फेरफटका मारायला निघाला. थोड्याच वेळात मागे निळसर धुराचे लोट! ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागणार,’ असे त्याला वाटले. त्याचे निदान बरोबर आहे का?

आधी रंग पाहू

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. पेट्रोलमधील ऑक्टेनचा विचार केला तर त्याचे २ रेणू ऑक्सिजनच्या २५ रेणूंशी संयोग पावतात आणि कार्बन डायऑक्साइडचे १६ व पाण्याचे १८ रेणू मिळतात. हिशेब केला तर एक लिटर, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम ऑक्टेन जळून जवळजवळ एक किलो पाणी तयार होते! हे पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. थंडीच्या सकाळी या वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात आणि पांढरा ‘धूर’ दिसतो. इंजिन व सायलेन्सर तापले की तो नाहीसा होतो. हा दोष नव्हे.

पण इंजिन चांगले तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, त्याला गोडसर वास असला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असले, तर इंजिन थंड ठेवणारे पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे असे समजावे. बहुधा हेड गॅस्केट फुटलेले असते. अशी गाडी पुढे दामटू नये. आपल्या जुन्या ९११ मध्ये मात्र असे पाणीच नाही, तेव्हा ही शंका उरत नाही.

काळा धूर म्हणजे काजळी. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त आले, तर सगळा कार्बन जळत नाही. कोंदलेला एअर फिल्टर किंवा अडकलेला चोक अशी कारणे आधी पाहावीत.

निळा धूर हा जळक्या ऑइलचा. त्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात. असे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून धूर निळसर दिसतो. पाण्याचे मोठे थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसतात.

मग वेळ पाहू

ऑइल सिलिंडरमध्ये शिरायला अनेक वाटा आहेत. कोणती वाट, हे रंग सांगत नाही. धूर केव्हा येतो, यावरून ते कळू लागते.

गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना काही क्षणच निळा धूर आला, तर व्हॉल्व्हच्या दांडीवरची सीले कडक झालेली असू शकतात. रात्रभरात ऑइल तिथून थेंब थेंब खाली झिरपते.

लांब उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. तेव्हा हवेची वाट जवळपास बंद आणि पिस्टन मात्र हवा ओढत असतात, त्यामुळे आत मोठी निर्वात ओढ निर्माण होते. ती व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल शोषते. उतार संपून पुन्हा पाय दाबला की धुराचा लोट येतो. येथे दोष गाइडचा किंवा सीलांचा असण्याचा संभव मोठा.

चढावर, जोर लावताना सतत धूर येत असला, तर झिजलेल्या रिंगांचा संशय घ्यावा.

संशय पक्का कसा करायचा? स्पार्क प्लग काढून तेथे दाबमापक लावतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतात. एखाद्यात दाब कमी आढळला, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर दोष रिंगांचा, कारण ऑइलने त्यांची फट बुजली. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा.

यंत्राची रचना विसरू नये

ही चाचणी सिलिंडर उभे आहेत असे गृहीत धरते. ९११ मध्ये मात्र सहा सिलिंडर आडवे, तीन एका बाजूला व तीन दुसऱ्या बाजूला, असतात. आडव्या सिलिंडरमध्ये घातलेले ऑइल खालच्या बाजूला साचते. रिंगेभोवती सारखे पसरत नाही. म्हणून येथे या चाचणीवर विसंबता येत नाही. त्याऐवजी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा.

याच रचनेमुळे ९११ काही दिवस उभी राहिली की ऑइल रिंगांमधून आत झिरपते आणि सुरू करताना क्षणभर धूर येतो. त्यात घाबरण्यासारखे नसते. जपानच्या माझ्दा कंपनीच्या आरएक्स-७ (१९७८ ते २००२) या गाडीत पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांच्या वंगणासाठी थोडे ऑइल मुद्दामच आत सोडले जाते. आपल्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत. एका यंत्रात जो दोष, तो दुसऱ्यात नेहमीचा व्यवहार असतो.

आता त्या मालकाकडे वळू. जुन्या ९११ चे ऑइल वेगळ्या टाकीत असते. गाडी उभी राहिली की त्यातले काही हळूहळू इंजिनाच्या तळाशी उतरते आणि टाकीतली पट्टी कोरडी पडते. म्हणून या गाडीचे ऑइल सपाट जागी, इंजिन गरम व चालू असतानाच मोजायचे असते. आपल्या मालकाने ते थंड असताना मोजले आणि नको असलेले ऑइल ओतले. इंजिन चालू होताच तळाचे ऑइल टाकीत परतले, टाकी वाजवीपेक्षा जास्त भरली, आणि जादा ऑइल श्वासनळीतून इंजिनात जाणाऱ्या हवेत मिसळून जळू लागले. रिंगांवर संशय घेण्याआधी जादा ऑइल काढून पाहायला हवे. चूक इंजिनात नव्हती, मोजमापात होती.

वर्गात करण्याजोगे: गॅस्केट फुटले का, हे पाहण्यासाठी मेकॅनिक रेडिएटरमधली हवा एका निळ्या द्रवातून जाऊ देतात; कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो. ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणात नळीने हलकेच फुंकर मारून हाच बदल विद्यार्थ्यांना दाखवता येईल. नळी ओढायची मात्र नाही. खऱ्या गाडीचा धूर पाहायचा तर मोकळ्या जागेतच पाहावा. बंद गॅरेजात चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण तो जीव घेतो.

यानंतर धूर सोडणारी गाडी दिसली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगू या: रंग कोणता? केव्हा येतो? आणि या इंजिनाची रचना कशी आहे? पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर.