ब्रेक ऑइलची तहान

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ई ची शर्यत झाली आणि माझ्या मामेभावाच्या अंगात वारे शिरले. जुन्या एस्टीमला त्याने रुंद टायर, मोकळा सायलेन्सर, सारे काही बसवले. ब्रेककडे मात्र कुणी पाहिले नाही. एका रिकाम्या मैदानात चौथ्या फेरीला पेडल थेट तळाला गेले. शेजारी मी! हँडब्रेक ओढल्यावर गाडी झुडपात थांबली.

मिस्त्रींनी कारण सांगितले. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरले की १४० अंशांनाही उकळू शकते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दबते; मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचणार कसा? शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकवर उष्णतेचा बोजा चौपट. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, उत्पन्न दुप्पट, कर चौपट!

गंमत म्हणजे, त्या शर्यतीतल्या गाड्यांच्या मागच्या चाकांना तेलाचे ब्रेकच नव्हते. मोटरच वीज निर्माण करीत वेग उतरवी. आमच्या एस्टीमला ती चैन कुठली? नव्या रिमसाठी साठवलेले पैसे ऑइल, होज आणि पॅडमध्ये गेले. मामींना यातले काही ठाऊक नाही. हा अंक त्यांच्या हाती न पडो.